काशीचा कौल

पूर्णगड, खालची वाडी
१८ नोव्हेंबर २०२४

दमे,

आधी खाली बस. चहा गॅसवर असेल तर तो बंद कर आणि मग पुढे वाच.

पाकिटावर माझं अक्षर बघून कोण गेलं असंच वाटलं असेल ना? कोणी गेलं नाही. मीच काय ती लाजेनं अर्धी झाल्येय. परवा तुला फोनमध्ये बोलून निरोप पाठवला, तो तुला मिळालाच नाही. मिळणार कसा? निलेशनं मला ‘आमचे कुटुंब’ नावाच्या ग्रुपात घातलंय आणि माझं बोट तुझ्या नावाऐवजी त्याच्यावर पडलं. आता विरारपासून राजापूरपर्यंत सगळ्या भावकीला ठाऊक झालंय, की काशीला भिकाजीच्या मिशा ‘तशा बऱ्या दिसतात’. सूनबाईनं खाली हसरं तोंड टाकलंय. राजापूरचे चुलतदीर विचारतायत, कोण भिकाजी? नशीब, पुढचं बोलायच्या आत बोट सुटलं. मी फोन कपाटात कोंबलाय. यापुढे तुझ्याशी जे काय बोलायचं ते कागदावर. पोस्टमन तरी एकाचं एकालाच देतो.

तर पुढचं ऐक. भिकाजी म्हणजे आपल्या वर्गात मागे बसायचा तोच. तीस वर्षं बोटीवर स्वयंपाक करून गणपतीत कायमचा गावी आला. बायको जाऊन त्याला बरीच वर्षं झाली, जशी मला हे जाऊन झाली. मी अंगणात सुपारी सोलत बसले होते, तर हा समोर येऊन उभा. जात नाही, बसत नाही. शेवटी म्हणाला, “काशी, मी काय म्हणतंय, दोन घरांत दोन चुली कशाला जाळायच्या?”

मला वाटलं गॅसबद्दल बोलतोय. म्हटलं, माझा सिलेंडर अजून पंधरा दिवस जाईल.

“तसा नाय गो. लगीन म्हणतंय मी.”

दमे, टोपली उपडी झाली. सुपाऱ्या अंगणभर घरंगळल्या आणि आम्ही दोघं साठीला टेकलेली माणसं त्यांच्यामागे रांगत होतो. रांगता रांगता मी म्हटलं, देवीला विचारून सांगते. दुसरं काय बोलणार होते? विहीर खणली ती कौल लावून, गाय विकली ती कौल लावून, निलेशला मुंबईला धाडला तोही कौल लावूनच. आजवर मी कुठली मोठी गोष्ट आपल्या मनानं केल्येय? देवदिवाळीला देवळात कौल लागतो, तेव्हा विचारीन.

पण तुला काय वाटतं ते सांग. खरं सांग, आणि हसून झाल्यावर सांग.

तुझी,
काशी


रत्नागिरी
२३ नोव्हेंबर २०२४

काशे,

हसून झालं. मग पुन्हा वाचलं आणि पुन्हा हसले. इतकी हसले की मनगटावरच्या घड्याळानं विचारलं, आपण व्यायाम करत आहात का?

हे घड्याळ ईशानं बंगलोरहून पाठवलंय. आई एकटी राहते म्हणून पोरीला काळजी. फार हुशार वस्तू आहे. बसून राहिलं की उठा म्हणतं, तास झाला की पाणी प्या म्हणतं. परवा रात्री मी अगदी ढाराढूर झोपले होते, पण सकाळी घड्याळ म्हणालं झोप अपुरी झाली, आणि खरंच सांगते, दिवसभर डोकं जड होतं. उगाच नाही म्हणत शास्त्र ते शास्त्र.

तुझ्या कौलाचं मात्र शास्त्र नाही. गुरव देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो. पाणी सुकलं की त्या पडणारच. उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही! अगं, पाकळी पडते ती गुरुत्वाकर्षणानं. मी तीस वर्षं सातवीच्या पोरांना हेच शिकवलं, आणि माझी सख्खी मामेबहीण आयुष्याचा प्रश्न पाकळीवर टाकून बसल्येय.

आता भिकाजीचं. माणूस वाईट नसेल. पण जो तीस वर्षं परक्या देशांच्या बोटींवर भांडी घासून आला, त्याला आता भांडी घासायला माणूस हवंय, इतकं साधं गणित आहे. या वयात पुरुषांना बायको नको असते गं, रक्तदाबाची गोळी हातात देणारी हवी असते.

त्यापेक्षा तू माझ्याकडे ये. ईशाची खोली रिकामीच आहे. खिडकीतून भाट्याच्या खाडीचा वारा येतो. दोघी मिळून संध्याकाळी फिरायला जाऊ, माझी पावलंही पुरी होतील. नीट विचार कर, आणि विचार डोक्यानं कर.

दमयंती


पूर्णगड
५ डिसेंबर २०२४

दमे,

डावा पडला.

सगळं रीतीप्रमाणे झालं. ज्याला विचारायचं त्यानं आपला नारळ देवीपुढे ओळीनं मांडायचा आणि समोर ओळीनं बसायचं. प्रश्न चारचौघांत सांगण्यासारखा नसेल तर मनातच ठेवायचा. दादू गुरव एकेक नारळ हातात घेतो आणि गाऱ्हाणं घालतो, “हा नारळ ज्याचा, त्याच्या मनात जा काय असेल, त्याचा निवाडा कर गो आई.” मग पाकळी पडेस्तोवर सगळे श्वास धरून बसतात.

माझ्या शेजारी आत्माराम बसला होता. तुला आठवतोय ना, भेकड आत्माराम? पाल चुकचुकली तर बाहेर पडायचा नाही, मांजर दिसलं तर एसटी सोडायचा. आजही तस्साच आहे. त्याचा नारळ तिसरा आला, तिसरा नको म्हणून त्याची सारखी चुळबूळ चालली होती. दादू पाठमोरा होता तोवर हा नारळ पुढे कर, मागे कर. मला एकीकडे हसू येत होतं आणि एकीकडे मी देवीचं नाव घेत होते.

दादू माझ्याकडे बघून म्हणाला, “काशीबाय, डावा.” मग आत्मारामला म्हणाला, “उजवा.” आत्माराम बसल्या जागी असा उडाला, की त्याची टोपी गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर जाऊन पडली. त्याच्या मनात काय होतं ते देवीला माहीत.

संध्याकाळी भिकाजी आला. मी दारातच सांगितलं, देवी नाही म्हणाली. तो म्हणाला, “बरा.” पायरी उतरता उतरता म्हणाला, “तुझ्या माडाचे नारळ उतरवायचे झाले तर हाक मार. त्याला कायव कौल लागत नाय.” आणि गेला.

दमे, त्या दिवसापासून काही गोड लागत नाही. चहात साखर घातली की नाही तेच कळत नाही. दोन्ही गुडघे एकदम धरले. परसातले माडसुद्धा बुटके झाल्यासारखे वाटतात. गुरवानं नारळ फोडून माझ्या वाट्याचं अर्धं भकल दिलं, ते खोबरं किसायची इच्छा झाली नाही. तसंच करवंटीसकट स्वयंपाकघरातल्या फळ्यांच्या माच्यावर वाळत टाकलंय.

देवीचं काही चुकत नाही. एवढंच की या खेपेला चुकलं असतं तर चाललं असतं.

काशी


रत्नागिरी
९ डिसेंबर २०२४

काशे,

देवीनं शहाणपणा दाखवला! मी तिची भक्त नव्हे, पण या बाबतीत तिला शंभरपैकी शंभर मार्क. मी तुला तेच सांगत होते.

आता रडत बसू नको. गुडघ्यांसाठी इथे चांगले डॉक्टर आहेत. ईशाच्या खोलीला मी रंग काढायला घेतलाय, आकाशी. तुझ्यासाठी नवीन गादीही सांगितली. नाताळाच्या आत ये म्हणजे गर्दीत सापडणार नाहीस. सुपारी आणू नको, मी सोडली. घड्याळाला आवडत नाही.

वाट बघते.
दमयंती


पूर्णगड
२ जानेवारी २०२५

दमे,

आकाशी रंग मला आवडत नाही. हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मी रागावले होते. पाकळी गुरुत्वाकर्षणानं पडते म्हणालीस. मान्य. मग डावी पडल्याबरोबर तिच्यात देवीचं शहाणपण कुठून आलं? उजवी पडली असती तर शंभर मार्क दिले असतेस का? आणि शास्त्राचं मला सांगू नको. मला वर्षातून एकदा कौल लागतो. तुझ्या मनगटावर तो चोवीस तास लागतो. आपण झोपलो की नाही हे जी बाई सकाळी दुसऱ्याला विचारते, तिनं मला डोक्यानं विचार करायला सांगू नये.

झालं. रागावून झालं. आता गंमत ऐक, माझ्या पोटात राहत नाही.

आत्मारामनं खानावळ काढली! माझ्या घरासमोर, त्याच्या पडवीत! देवीला त्यानं हेच विचारलं होतं, खानावळ काढू का म्हणून. चाळीस वर्षं मनात होतं म्हणे आणि चाळीस वर्षं घाबरत होता. उजवा कौल मिळाला आणि माणूस ओळखू येईना. मिशीला पीळ देतो. मांजर आडवं गेलं तर त्याला बांगड्याचं डोकं टाकतो. किल्ला बघायला येणाऱ्या पुण्याच्या लोकांना रस्त्यात आडवा होऊन सांगतो, “किल्लो खंय पळत नाय, आधी जेवा.” हे मालवणी कुठून उचललंन कोण जाणे. पुण्याच्यांना तसं आवडतं म्हणतो.

त्याला स्वत:ला पाणीसुद्धा उकळता येत नाही. मग स्वयंपाकाला कोण? भिकाजी.

दिवसभर समोर असतो, दमे. डोक्याला पंचा, हातात झारा. सोलकढीवर कसली तरी परदेशातली पालेभाजी चिरून टाकतो आणि लोक बोटं चाटतात. पुण्याच्या बायका आत चुलीपर्यंत जातात. एक तर परवा त्याच्याबरोबर फोटो काढत होती आणि म्हणत होती, “काका, तुम्ही किती गोड आहात!” मी पडवीतून इतक्या जोरात झाडू मारला, की कोंबड्या माडावर चढायच्या बाकी राहिल्या.

आणि तू म्हणाली होतीस ना, त्याला भांडी घासायला बाई हवी? रात्री खानावळ बंद झाली की तो स्वत: भांडी घासतो. गाणं म्हणत घासतो. एक पातेलं रोज वेगळं ठेवतो आणि जाताना माझ्या ओट्यावर आणून ठेवतो. कधी तिसऱ्यांचं सुकं, कधी नुसता भात आणि कढी. एक शब्द बोलत नाही. मी पातेलं घासून परत ठेवते.

डावा पडलाय, दमे. मी काय करू सांग.

काशी


रत्नागिरी
१४ जानेवारी २०२५

काशे,

तिळगूळ सोबत आहे. गोड बोल असं म्हणायचं माझं तोंड नाही.

तुझं पत्र वाचलं आणि तीन दिवस तुला शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी घड्याळ म्हणालं, आज तुमची तब्येत उत्तम आहे. आणि मला आतून रडू येत होतं. तेव्हा मी ते काढून शेजारच्या बाळाच्या हातात दिलं. त्यानं ते तोंडात घातलं.

खरं सांगायला बसल्येय तर सगळंच सांगते. डावा कौल पडल्याचं वाचून मला आनंद झाला. नुसता नाही, उड्या मारण्याइतका झाला. भिकाजी चांगला की वाईट, पाकळी खरी की खोटी, याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. ईशा बंगलोरला गेल्यापासून हे घर मला खायला उठतं. संध्याकाळी मी टीव्ही लावते तो बघायला नाही, कोणीतरी बोलत असावं म्हणून. तू येशील म्हणून मी खोली रंगवली. तू लग्न केलंस तर येणार नाहीस, म्हणून भिकाजी वाईट. इतकं साधं गणित होतं, आणि मी तुला त्याच्या भांड्यांचं गणित शिकवत होते.

मी तीस वर्षं गुरुत्वाकर्षण शिकवलं, पण माझ्याच मनाचा कल कुठे आहे ते मला दिसलं नाही. तुझ्या पातेल्याच्या गोष्टीवर मात्र मी रडले. माझ्या ओट्यावर कोणी पातेलं ठेवत नाही गं.

खोलीला पिवळा रंग देऊन टाकला. तू ये किंवा येऊ नको.

दमे


पूर्णगड
१८ जानेवारी २०२५

माझी दमे,

तुझं पत्र छातीशी धरून बसले होते. इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा मास्तरीण न होता लिहिलंस. तुला एकटं वाटतं हे आधी सांगितलं असतंस, तर मी आकाशी खोलीतसुद्धा राहून गेले असते. पण आता ते बाजूला ठेव. आभाळ कोसळलंय. की वर गेलंय, तेच कळत नाही.

तुझा तिळगूळ आला, म्हणून मीही वड्या करायला घेतल्या. सुकं खोबरं हवं म्हणून माच्यावरून देवदिवाळीचं ते भकल काढलं. खोबरं सुटून आलं होतं. करवंटी हातात घेतली आणि बघतच राहिले.

करवंटी गोल होती.

माझ्या विहिरीवरच्या माडाचा नारळ लांबोडका असतो. अख्ख्या वाडीत तसा नारळ दुसऱ्या कोणाचा नाही. देवळात मी तोच नेला होता, माझ्या हातानं सोललेला. चेंडूसारखे गोल नारळ आत्मारामच्या बागेतले. म्हणजे त्या दिवशी तिसरा नको म्हणून त्यानं जी पुढेमागे ढकलाढकल केली, त्यात त्याचा नारळ माझ्या जागी आला आणि माझा त्याच्या. दादूला काय माहीत? तो आम्ही बसलो होतो त्या ओळीनं निवाडा सांगत गेला.

कौल नारळाचा असतो, दमे. ज्याचा नारळ त्याचा निवाडा. डावा पडला तो आत्मारामचा. उजवा माझा!

मी स्वयंपाकघरात एकटी नाचले. या गुडघ्यांनी! गुडघे दुखले नाहीत, दमे. कालपर्यंत दुखत होते.

मग बाहेर आले, आणि समोर आत्माराम मिशीला पीळ देत पाहुण्यांना बसवत होता. मी करवंटी पदराआड लपवली. हे मी बोलले तर काय होईल? आत्माराम तो आत्माराम आहे. देवीनं त्याला ‘नाही’ सांगितलं होतं हे कळलं, तर त्याच संध्याकाळी पाटी उतरवील, पुन्हा पालीला घाबरून घरात बसेल. चांगली चाललेली खानावळ बंद पडेल. आणि भिकाजीला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. त्याच्या पोटात फक्त मासा राहतो, गोष्ट राहत नाही. पुन्हा कौल लावावा म्हटलं तर एकच प्रश्न वर्षात दोनदा विचारायचा नाही, असा आमच्या देवळाचा रिवाज.

देवी माझ्या बाजूनं आहे, आणि मला ते कोणाला सांगता येत नाही. तू सांग, काय करू?

काशी


रत्नागिरी
२२ जानेवारी २०२५

काशे,

मी सांगणार नाही.

सांगायची फार खुमखुमी आहे, जीभ चावून बसल्येय. पण मागच्या खेपेला मी सांगितलं ते माझ्या सोयीचं होतं, आणि आता सांगेन ते कशावरून माझ्या प्रायश्चित्ताचं नसेल? एकच विचारते. करवंटी गोल दिसली तेव्हा तू नाचलीस. लांबोडकी निघाली असती तर भिकाजीचं पातेलं घेणं थांबवलं असतंस का?

आणि गुडघ्यांचं लक्षात ठेव. नारळ कोणाचा हे माहीत नसतानाच ते भिकाजीसाठी धरले होते.

दमे


पूर्णगड
२ फेब्रुवारी २०२५

दमे, दमे, दमे,

घाईनं लिहित्येय, अक्षर लावून घे.

तुझं पत्र आलं त्या रात्री ओट्यावर पातेलं होतं, फणसाच्या कुयरीची भाजी. तीच खात तुझा प्रश्न चघळत बसले. उत्तर पहिल्याच घासाला मिळालं, पण धीर यायला रविवार उजाडावा लागला.

रविवारी दुपारी बाराचा ठोका. खानावळीत ही गर्दी, पुण्याच्या दोन गाड्या, कोल्हापूरची एक. मी पदर खोचला आणि सरळ चुलीपाशी गेले. भिकाजी तव्यावर सुरमई परतत होता. मी म्हटलं, “भिकाजी, दोन घरांत दोन चुली कशाला जाळायच्या?”

त्यानं मान वर केली. “गॅस संपला काय तुझा?”

“नाय. लगीन म्हणतंय मी.”

झारा हातातच राहिला. कोल्हापूरच्या एका बाईनं आमटीचा भुरका मारला तो तेवढा ऐकू आला. भिकाजीचा चेहरा आधी फुलला आणि लगेच पडला. हळूच म्हणाला, “काशी, पण देवी नाय म्हणाली ना? मला हवाय गो. पण देवीच्या इरोधात तुला कसा नेऊ? उद्या तुला कायव झाला तर मी जगेन काय?”

दमे, त्याच क्षणी मला सगळं सांगून मोकळं होता आलं असतं. जिभेच्या टोकावर होतं, नाही नाही, उजवा माझाच होता. आणि दारात आत्माराम चार ताटं घेऊन उभा होता. त्याचा चेहरा मेणासारखा पांढरा झालेला. ताटांतल्या वाट्या थडथडत होत्या.

मी त्याच्याकडे बघितलं आणि भिकाजीला म्हटलं, “देवी नाय म्हणाली. मी हो म्हणतंय. देवीला काय सांगायचा ता मी सांगेन, ती माझी आहे. तू तुझा सांग.”

मला माझाच आवाज ओळखू आला नाही. आजवर जे केलं ते वडील म्हणाले म्हणून, हे म्हणाले म्हणून, निलेश म्हणाला म्हणून, देवी म्हणाली म्हणून. कधी वाईट झालं नाही, देवीनं माझं भलंच केलं. पण बरं झालं की तिच्यामुळे, वाईट झालं तरी तिच्यामुळे, आणि मी आपली मधल्यामध्ये नारळ घेऊन बसलेली. दमे, आपल्या तोंडानं ‘हो’ म्हणायला इतकी भीती वाटते आणि इतकी मजा येते हे मला साठाव्या वर्षी कळलं.

भिकाजी चुलीपुढे मटकन खाली बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होता की रडत होता, ते त्यालाच ठाऊक. म्हणाला, “हो. हो गो बाय, हो.” सुरमई करपली. पुण्याच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि करपलेली सुरमई वाटून खाल्ली.

संध्याकाळी आत्माराम मागच्या दारानं आला. मिशीचा पीळ पार उतरलेला. म्हणाला, “काशी, तू आज माझ्याकडे बघितलस आणि माझ्यासाठी गप ऱ्हायलीस.”

मी म्हटलं, कसली गप?

“नारळ गो. मला त्याच दिवशी कळला. तुझ्या विहिरीवरचा नारळ मी वळखणार नाय काय? ल्हानपणी चोरून खाल्लेत. घरी जाऊन भकल बघितला, लांबोडका. म्हटला, मेलो!”

“मग बोललास का नाही मेल्या?”

त्यानं टोपी काढून हातात घेतली. “चाळीस वर्सा मनात होता. म्हटला, एकदा तरी चोरीचा धीर वापरून बघूया. पाटी लावली, लोका आली, आणि मग भीतीच ऱ्हायली नाय. पण तुझा काय प्रश्न होता ता मला म्हायत नव्हता. आज कळला तेव्हा वाटला, ताटा टाकून समुद्रात जावा.” मग डोळे पुसून म्हणतो कसा, “आणि काशी, मी नारळ ढकलले ते पण तिच्याच समोर ना? ती काय बघत नव्हती?”

मला असं हसू फुटलं, दमे, की खांब धरून उभी राहिले. तोही हसायला लागला. हसता हसता माझ्या पाया पडला, मीही त्याच्या पडले, आणि दोघांनाही उठवायला भिकाजीला यावं लागलं. त्याला आम्ही काही सांगितलं नाही.

निलेशला फोन केला. तो म्हणाला, “आई, मला दोन दिवस दे, विचार करून सांगतो.” मी म्हटलं, “बाळा, मी विचारायला फोन केला नाही, कळवायला केलाय.” मग सूनबाईचा आवाज आला, “आई, त्यांच्या मिशा मीही गणपतीत बघितल्यात, खरंच बऱ्या आहेत.” मागून निलेश हसला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

लग्न रत्नागिरीला नोंदवायचं. आधी महिन्याची नोटीस द्यावी लागते म्हणे, तेव्हा मार्चात होईल. साक्षीदार म्हणून तू सही करायची आहेस. शिवाय दर महिन्याला चार दिवस मी तुझ्या पिवळ्या खोलीत राहायला येणार. भिकाजीला विचारलेलं नाही. तो पातेलं घेऊन मागून येईल, त्याला आत घे.

आणि साडी कोणती नेसू असं विचारण्यासाठी हे पत्र आहे असं तुला वाटत असेल, तर ते डोक्यातून काढ. कालच राजापूरला जाऊन घेऊन आले. लालभडक आहे.

तुझी,
काशी